अमेरिकेंतील लक्ष्मी आणि कायद्याचे वाटे

दारिद्र्य हें पूर्वकर्माचें फळ आहे, किंवा तें आळसाचें प्रायश्चित्त आहे, असें सांगणारे लोक सर्व देशांत व सर्व काळीं आढळतात. आणि ज्यांच्या घरीं दारिद्र्य नाहीं त्यांसच हा सिद्धांत विशेष पटतो, हेंहि सर्वत्र सारखेंच आहे. या सिद्धांताची परीक्षा ज्यांस घ्यावयाची असेल त्यांनीं अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांत २०२१ सालीं काय घडलें तें पाहावें. त्या वर्षाच्या मार्च महिन्यांत तेथील काँग्रेसनें महामारीच्या मदतीचा जो कायदा केला, त्यांत मुलांमागें आईबापांस मिळणारी करसवलत वाढविली. सहा वर्षांखालील मुलामागें ३,६०० डॉलर व त्याहून मोठ्या मुलामागें ३,००० डॉलर असा दर ठरला. ज्यांचें उत्पन्न इतकें तुटपुंजें कीं त्यांस प्राप्तीवरील कर लागूच होत नाहीं, त्यांसहि पुरी रक्कम देण्याचें ठरलें. आणि जुलैपासून डिसेंबरपर्यंत निम्मी रक्कम महिन्याच्या महिन्यास त्यांच्या हातीं पडूं लागली. परिणाम काय झाला? त्या देशाच्या शिरगणती खात्याच्या पूरक मापाप्रमाणें २०२० सालीं शेंकडा ९.७ मुलें दारिद्र्यांत होतीं, तीं २०२१ सालीं शेंकडा ५.२ राहिलीं. पुढें सवलतीची मुदत संपली. सेनेटांत दोन्ही पक्षांचें बल समसमान असल्यामुळें मुदत वाढविण्याचें बिल एका सभासदाच्या नकारानें पडलें. आणि २०२२ सालीं तोच आंकडा शेंकडा १२.४ वर जाऊन बसला.

महामारीची इतर मदतहि त्याच सुमारास बंद झाली व महागाई वाढली, हें आम्ही जाणतों. तेव्हां सर्व श्रेय किंवा सर्व दोष एकाच कलमाच्या माथीं मारण्याचें कारण नाहीं. परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. २०२१ सालीं अमेरिकेंतील गरीब आईबाप एकाएकीं उद्योगी झाले आणि २०२२ सालीं पुन्हा एकाएकीं आळशी झाले, असें कोणी म्हणेल काय? त्यांचें पूर्वकर्म बारा महिने रजेवर गेलें होतें काय? जें दारिद्र्य कायद्याच्या एका कलमानें निम्म्यावर येतें आणि तें कलम रद्द होतांच दुपटीवर जातें, तें दैवाचें नव्हे, दप्तराचें दारिद्र्य होय. त्या देशांत दहा पिढ्यांची संपत्ति एका घरांत सांठत असतां दुसऱ्या घरांत महिनाअखेर भाड्याचे पैसे निघत नाहींत, या गोष्टीचा शोध घ्यावयाचा तर तो बाजारांत जितका घ्यावा लागेल तितकाच कायद्याच्या पुस्तकांत व कोर्टाच्या निवाड्यांत घ्यावा लागेल. वकिली करणाऱ्या मनुष्यास सगळीकडे कायदाच दिसतो, असा आक्षेप कोणी घेईल. तो आम्ही मान्य करतों आणि पुढें जातों.

प्राप्तीवरील करापासून आरंभ करूं. १८९४ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें वर्षास ४,००० डॉलरांहून अधिक प्राप्ति असणारांवर शेंकडा दोन डॉलर इतका कर बसविला. त्या काळीं वर्षास चार हजार डॉलर मिळविणारा मनुष्य म्हणजे हजारांत एखादा. तरी पण एवढ्या अल्प करानें मोठें वादळ उठलें. प्रकरण सुप्रीम कोर्टांत गेलें. हा कर म्हणजे समाजसत्तावादाची पहिली पायरी होय असें नामांकित वकिलांनीं मोठ्या आवेशानें प्रतिपादिलें. आणि १८९५ सालीं पांच न्यायमूर्ति एका बाजूस व चार दुसऱ्या बाजूस पडून कर घटनाबाह्य ठरला. एका न्यायमूर्तीच्या मतानें जें गेलें तें परत मिळविण्यास त्या राष्ट्राला अठरा वर्षें लागलीं. १९१३ च्या फेब्रुवारींत घटनेची सोळावी दुरुस्ति मंजूर झाली तेव्हां कोठें काँग्रेसला असा कर बसविण्याचा निर्वेध अधिकार मिळाला. पहिल्या कायद्यांतला सर्वांत वरचा दर होता शेंकडा सात.

येथें एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. त्याच १९१३ सालच्या जुलै महिन्यांत बडोदें सरकारच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. आणि तेथें त्यांस अर्थशास्त्र शिकविणारे प्रोफेसर सेलिग्मन हे प्राप्तीवरील चढत्या कराचे अमेरिकेंतील अग्रगण्य पुरस्कर्ते होते. पुढें १९२५ सालीं आंबेडकरांचा ब्रिटिश हिंदुस्थानांतील प्रांतिक जमाखर्चावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. एक मनुष्य एक मत हें तत्त्व राजकारणांत मान्य करावयाचें आणि संसारांत मात्र एकाचें मोल शंभर व दुसऱ्याचें शून्य ठेवावयाचें, या विसंगतीनें लोकशाहीची इमारत उडेल, असा जो इशारा बाबासाहेबांनीं १९४९ च्या नोव्हेंबरांत घटनासमितीपुढें दिला, त्याच्या मागें महाडच्या तळ्याचा अनुभव होता हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोलंबियांतील हे धडेहि त्यांच्या गांठीं होते, हें आमच्याकडे फारसें सांगितलें जात नाहीं.

कोर्टांची गोष्ट निघाली आहे तर आणखी एक निवाडा सांगितल्यावांचून राहवत नाहीं. न्यू यॉर्क संस्थानानें भट्टीवर पाव भाजणाऱ्या कामकऱ्यांस दिवसास दहा तास व आठवड्यास साठ तास यांहून अधिक राबवूं नये असा कायदा केला होता. १९०५ सालीं सुप्रीम कोर्टानें, पुन्हा पांचांविरुद्ध चार अशाच बहुमतानें, तो रद्द केला. कारण काय? तर कामकरी व भट्टीवाला यांच्या करार करण्याच्या स्वातंत्र्यावर त्यानें गदा येते! ज्याला आज काम न मिळालें तर उद्यां चूल पेटणार नाहीं, तो आणि ज्याची भट्टी आठ दिवस बंद राहिली तरी चिंता नाहीं तो, हे दोघे सारख्या पातळीवर बसून करार करतात, ही कल्पना ज्यांस सुचली त्यांनीं भट्टीजवळ एक रात्रहि काढली नसावी. न्यायमूर्ति होम्स यांनीं आपल्या भिन्नमतपत्रिकेंत स्पष्ट बजावलें कीं, हर्बर्ट स्पेन्सरचें समाजशास्त्र हा कांहीं अमेरिकेच्या घटनेचा भाग नव्हे. हाच स्पेन्सर आगरकरांच्या पिढीनें मोठ्या भक्तीनें वाचला. पण पुण्याच्या सुधारकांनीं त्याच्यापासून रूढीच्या शृंखला तोडण्याची बुद्धि घेतली आणि वॉशिंग्टनच्या न्यायाधीशांनीं मजुराच्या पायांत शृंखला ठेवण्याची सबब घेतली. शस्त्र एकच, हात निराळे.

१९२९ सालीं शेअरबाजार कोसळला. त्यापूर्वीं आठ वर्षें खजिन्याच्या मंत्रिपदावर अँड्र्यू मेलन हे स्वतः देशांतील अत्यंत धनाढ्य गृहस्थांपैकीं एक होते. महायुद्धाच्या अखेरीस शेंकडा ७७ वर गेलेला वरचा दर त्यांच्या अमदानींत शेंकडा २५ वर आला होता. १९३३ सालीं दर चार कामकऱ्यांत एक बेकार झाला, तेव्हां रूझवेल्ट अध्यक्ष झाले, आणि पुढील पांच वर्षांत जे कायदे झाले त्यांनीं त्या राष्ट्राचें आर्थिक स्वरूप पालटलें. १९३५ सालीं कामगारांस संघ करून मालकाशीं एकत्रित करार करण्याचा हक्क मिळाला. त्याच वर्षीं वृद्धापकाळच्या निर्वाहवेतनाचा कायदा झाला. १९३८ सालीं किमान मजुरी तासास २५ सेंट ठरली. कोर्ट आरंभीं आडवें आलें. पण १९३७ सालीं तेंहि वळलें आणि भट्टीवाल्याच्या खटल्यांतलें तत्त्व इतिहासजमा झालें. दुसऱ्या महायुद्धांत वरचा दर शेंकडा ९४ पर्यंत चढला आणि १९६३ पर्यंत बहुतेक वर्षें तो शेंकडा ९० च्या वर राहिला. कागदावरील हा दर पुरापूर भरणारे थोडेच असत व पळवाटा अनेक होत्या, हें खरें. परंतु मोठ्या कंपनीच्या चालकास आपलें वेतन दसपट करून घेण्यांत स्वारस्य राहिलें नव्हतें, हेंहि तितकेंच खरें. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास दर तीन कामकऱ्यांत एक संघाचा सभासद होता. त्याच काळांत अमेरिकेचा व्यापार खालावला काय? उलट कारखानदारीची, रस्त्यांची, घरांची व विद्यालयांची इतकी वाढ त्या राष्ट्राच्या इतिहासांत क्वचितच झाली असेल.

पण या सुवर्णकाळाची स्तुति करतांना जो कलंक त्यावर आहे तो झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९३५ च्या निर्वाहवेतनाच्या कायद्यांतून शेतमजूर व घरकामाचे नोकर वगळले होते. किमान मजुरीच्या कायद्यांतूनहि ते वगळले होते. दक्षिणेकडील संस्थानांत हीं दोन्हीं कामें मुख्यतः काळे लोक करीत असत, आणि काँग्रेसांतील महत्त्वाच्या कमिट्या दक्षिणेकडील सभासदांच्या मुठींत होत्या. कायद्यांत वर्णाचा शब्दसुद्धां नव्हता, तरी वर्णाची भिंत बेमालूम उभी राहिली. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, ज्या अमेरिकन लोकांनीं हबशी लोकांस दास्यांतून सोडविलें त्यांस अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेंतील आशा अमेरिकेनें किती अंशानें सार्थ केली, याचें उत्तर द्यावयाचें तर कायद्याचीं हीं वगळलेलीं कलमें वाचावीं लागतात. आणि जेथें जन्माचा भेद आहे तेथें गरीबांची एकी होत नाहीं, हा आमचा घरचाच अनुभव असल्यामुळें अमेरिकेचें पुढील राजकारण समजावयास मराठी वाचकास फार श्रम पडूं नयेत.

हें राजकारण १९८१ सालीं फिरलें. त्या वर्षाच्या ऑगस्टांत विमानांच्या वाहतुकीचें नियंत्रण करणाऱ्या सरकारी नोकरांनीं संप केला. अध्यक्ष रेगन यांनीं अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आणि जे परत आले नाहींत अशा अकरा हजारांहून अधिक लोकांस बडतर्फ केलें. सरकारी नोकरांस संपाची कायद्यानें मनाई होती, तेव्हां कायद्याच्या दृष्टीनें अध्यक्षांची बाजू लंगडी नव्हती. पण खासगी मालकांनीं त्यांतून घ्यावयाचा तो धडा घेतला. पुढें संपवाल्यांच्या जागीं कायमचे नवे लोक भरणें ही नित्याची रीत झाली. कामगारसंघांचे सभासद १९८३ सालीं शेंकडा २० होते, ते २०२४ सालीं शेंकडा १० च्याहि खालीं आले. त्याच सुमारास करांचा वरचा दर शेंकडा ७० वरून ५० वर, आणि १९८८ सालीं २८ वर उतरला. आणि या शेवटच्या कपातीस दोन्ही पक्षांचें मोठें बहुमत होतें, हें विसरतां कामा नये.

फळ काय आलें तें आंकड्यांत पाहावयाचें तर पिकेटी व साएझ या दोन फ्रेंच अर्थशास्त्रज्ञांचा हिशेब प्रसिद्ध आहे. वरच्या दशांश लोकांकडे १९२८ सालीं राष्ट्राच्या उत्पन्नाचा जवळ जवळ निम्मा भाग जात असे. युद्धानंतरच्या तीस वर्षांत तो तिसऱ्या हिश्शावर आला. आणि २००७ पर्यंत पुन्हा निम्म्यावर गेला. या हिशेबावर ऑटेन व स्प्लिंटर या अमेरिकन पंडितांनीं आक्षेप घेतला आहे. कर वजा घातले व सरकारी मदत मिळविली, तर सर्वांत वरच्या शंभरांतील एकाचा वाटा साठ वर्षांत फारसा वाढलेला नाहीं, असें त्यांचें म्हणणें. वाद तोलामोलाचा आहे आणि तो आंकडेशास्त्र्यांनीं लढवावा. आम्ही एवढेंच विचारतों कीं, ज्या सरकारी मदतीमुळें, विशेषतः औषधोपचाराच्या मदतीमुळें, विषमता वाढली नाहीं असें दाखवावयाचें, तीच मदत कापण्याचे कायदे पुढें आणावयाचे, हें कसें जमतें? शिवाय उत्पन्नाचा वाद असला तरी संपत्तीचा नाहीं. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या हिशेबाप्रमाणें अलीकडच्या वर्षांत वरच्या एक टक्का घरांकडे राष्ट्राच्या संपत्तीचा सुमारें तीस टक्के भाग आहे, आणि खालच्या निम्म्या घरांकडे मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास.

आमच्या व्यापारी वाचकांस या संपत्तीच्या वाढीचें यंत्र समजून घेण्याची उत्सुकता असेल. तें फार सोपें आहे. एका गृहस्थानें एक लाख डॉलरांस शेअर घेतले. त्यांची किंमत वाढत वाढत एक कोटि झाली. ही नव्याण्णव लाखांची वाढ त्या देशाच्या कायद्यानें उत्पन्न नव्हे, कारण शेअर विकले नाहींत. घरखर्चास पैसे लागले तर तो शेअर विकीत नाहीं. तेच तारण ठेवून पेढीकडून कर्ज काढतो, आणि कर्ज हेंहि उत्पन्न नव्हे. अखेर तो मरण पावतो. कायदा म्हणतो, वारसाच्या हातीं त्या शेअरांची मूळ खरेदीची किंमत एक लाख नव्हे, मृत्यूच्या दिवशींचा बाजारभाव जो एक कोटि, तीच धरावी. वारसानें दुसऱ्या दिवशीं ते विकून बापाचें कर्ज फेडलें तरी नफा शून्य! नव्याण्णव लाखांच्या वाढीवर प्राप्तीवरील कर बापानें दिला नाहीं, मुलानें दिला नाहीं, आणि पुढें कोणीहि देणार नाहीं. उलट शाळामास्तराच्या पगारांतून मात्र पगार हातीं पडण्यापूर्वींच कर कापला जातो. वॉरेन बफे या अतिधनाढ्य व्यापाऱ्यानें २०११ सालीं जाहीर लेख लिहून, आपल्या कचेरींतील नोकरांपेक्षां आपल्या करांचा दर कमी पडतो, अशी तक्रार केली तेव्हां पुष्कळांस ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

वारसाकर या वाटेवर आडवा यावा अशी मूळ योजना होती. २००१ सालीं ६,७५,००० डॉलरांपर्यंतची इस्टेट या करांतून मुक्त असे. २०२६ पासून ही मर्यादा माणशीं दीड कोटि डॉलर, म्हणजे नवराबायकोस मिळून तीन कोटि झाली आहे. ही मर्यादा वाढविणारांनीं या करास ‘मृत्युकर’ असें नांव देऊन, बिचाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला बापाच्या तेराव्याच्या आंतच जमीन विकावी लागते असें चित्र गांवोगांव रंगविलें. वस्तुतः अशी मोठी जमीनजुमला असलेलीं शेतकरी घरें अगदीं थोडीं. आमच्याकडेहि २०२४ च्या लोकसभेच्या निवडणुकींत अमेरिकेच्या या कराचा नुसता उल्लेख झाला आणि चार दिवस सभा गाजल्या. पण त्या वर्षीं अमेरिकेंत १ कोटि ३६ लाख डॉलरांपर्यंत हा मध्यवर्ती कर लागतच नव्हता, एवढी साधी गोष्ट उल्लेख करणारानेंहि सांगितली नाहीं व त्याच्यावर तुटून पडणारानेंहि सांगितली नाहीं.

आतां खालच्या टोंकास वळूं. मध्यवर्ती कायद्यानें ठरविलेली किमान मजुरी २००९ च्या जुलैपासून तासास सव्वासात डॉलर आहे. आठवड्यास चाळीस तास, वर्षाचे बावन्न आठवडे, एकहि रजा न घेतां राबणाऱ्यास वर्षाअखेर १५,०८० डॉलर मिळतात. बहुतेक संस्थानांनीं आपला दर वाढविला आहे. तरी सुमारें वीस संस्थानांत हाच दर चालतो. २०२१ सालीं तो पंधरा डॉलर करण्याची सूचना सेनेटांत आली ती ४२ विरुद्ध ५८ मतांनीं नामंजूर झाली. नामंजूर करणारांत डेमोक्रॅट पक्षाचेहि सभासद होते. या उलट, मोठ्या कंपन्यांच्या मुख्य चालकाचें वेतन सामान्य कामकऱ्याच्या किती पट असतें, याचा हिशेब वॉशिंग्टन येथील इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूट ही संस्था ठेवीत असते. १९६५ सालीं तें सुमारें वीसपट होतें, अलीकडे तें तीनशेंपटीच्या आसपास आहे. चालकाची अक्कल या साठ वर्षांत पंधरापट झाली असा पुरावा आमच्या पाहण्यांत नाहीं.

येथें वाचक विचारतील कीं, ज्या देशांत प्रत्येक प्रौढास मत आहे तेथें बहुसंख्य लोक असें कां होऊं देतात? या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. पैशाची सत्ता हें एक कारण आहे. १९७६ सालीं सुप्रीम कोर्टानें निवडणुकींत पैसा खर्च करणें हा भाषणस्वातंत्र्याचाच एक प्रकार ठरविला. २०१० सालीं, तेच आमच्या परिचयाचे पांच विरुद्ध चार, कंपन्यांसहि स्वतंत्रपणें हवा तितका खर्च करण्याची मोकळीक दिली. १८९५ सालीं कोर्टानें पैसेवाल्याचा पैसा राखला. २०१० सालीं त्या पैशाला जीभ दिली. गिलेन्स व पेज या दोन प्रोफेसरांनीं १,७७९ धोरणविषयक प्रश्नांची छाननी करून २०१४ सालीं असें दाखविलें कीं, श्रीमंतांचें व संघटित व्यापारी मंडळांचें मत धोरणावर उमटतें, सामान्य मतदाराचें स्वतंत्रपणें जवळ जवळ उमटतच नाहीं. दुसरें कारण सेनेटची रचना. वायोमिंग संस्थानाची लोकसंख्या सहा लाखांच्या आंत. कॅलिफोर्नियाची पावणेचार कोटींहून अधिक. आणि दोघांनाहि सभासद दोन दोन!

पण केवळ पैशानें मतें विकत घेतलीं असें म्हणणें हा मतदाराचा अपमान आहे. गरीबांचा कैवार घेणारा म्हणून जो पक्ष मिरवीत आला त्यानें गरीबांस काय दिलें, हेंहि पाहिलें पाहिजे. १९९४ सालीं मेक्सिको व कॅनडा यांच्याशीं खुल्या व्यापाराचा करार अमलांत आला तो क्लिंटन यांच्या अमदानींत; ठेवी घेणाऱ्या पेढ्या व शेअरबाजारी पेढ्या निरनिराळ्या ठेवणारी १९३३ ची भिंत १९९९ सालीं पाडली गेली, तीहि त्यांच्याच सहीनें. २००८ सालीं पेढ्या बुडूं लागल्या तेव्हां रिपब्लिकन अध्यक्षांच्या सहीनें व दोन्ही पक्षांच्या मतांनीं ७०० अब्ज डॉलरांची तरतूद झाली; पेढ्या तरल्या, आणि घरांवरील कर्ज थकलेलीं लक्षावधि कुटुंबें रस्त्यावर आलीं. २००० पासून २०१० पर्यंत कारखान्यांतील नोकऱ्या पावणेदोन कोटींच्या जवळपास होत्या त्या सव्वा कोटीच्याहि खालीं गेल्या. ज्या मिशिगन, पेन्सिल्व्हेनिया व विस्कॉन्सिन संस्थानांत या गिरण्या बंद पडल्या, त्यांनीं २०१६ सालीं ट्रंप यांच्या पदरांत मतें टाकलीं. दोन्ही वेळां हात पोळलेला मनुष्य तिसरें दार ठोठावतो. तें दार कोणाच्या वाड्याचें आहे हें पाहण्यास तो थांबत नाहीं. २०१७ सालीं त्या दाराआडून जो कायदा बाहेर आला त्यानें कंपन्यांवरील कर शेंकडा ३५ वरून २१ वर कायमचा आणला, आणि सामान्य कुटुंबांच्या सवलतींस २०२५ अखेरची मुदत घातली.

धनिकांवरचा कर कमी केला कीं धंदा वाढतो व त्यांतून खजिनाहि भरतो, असें या पक्षाचें सांगणें आहे. तें नुसतें पुस्तकी राहिलेलें नाहीं. कॅन्सस संस्थानानें तें करून पाहिलें. २०१२ सालीं तेथील गव्हर्नर ब्राउनबॅक यांनीं प्राप्तीवरील कर मोठ्या प्रमाणांत घटविले व अनेक प्रकारच्या धंद्यांचें उत्पन्न करांतून अजिबात मुक्त केलें. धंदा वाढला नाहीं. खजिना मात्र आटला, शाळांच्या खर्चास कात्री लागली, आणि २०१७ सालीं गव्हर्नरांचा नकाराधिकार बाजूस सारून त्यांच्याच पक्षाच्या बहुमताच्या विधिमंडळानें त्या कपाती रद्द केल्या. वरच्या एक टक्क्याकडून प्राप्तीवरील कराचा चाळीस टक्के भाग येतो, तेव्हां त्यांस आणखी किती पिळावयाचें, असाहि एक युक्तिवाद आहे. आंकडा बरोबर आहे. पण मजुराच्या पगारांतून जो निर्वाहवेतनाचा कर पहिल्या डॉलरापासून कापला जातो तो या हिशेबांत धरलेला नाहीं. आणि तो कर २०२५ सालीं १,७६,१०० डॉलर पगारापर्यंतच लागत होता, त्यापुढील पगारावर मुळींच नाहीं.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे, मुली, जांवई न्यू जर्सींत व कॅलिफोर्नियांत आहेत. अमेरिकेंतील हिंदी कुटुंबांचें सरासरी उत्पन्न तेथील इतर बहुतेक सर्व समाजांहून अधिक आहे, ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु त्यामुळें त्यांच्याकडून येणारीं पत्रें व छायाचित्रें पाहून अमेरिकेचें माप घेणें म्हणजे मलबार हिलवरून मुंबईचें माप घेण्यासारखें आहे. आमचा त्या देशाच्या अर्थकारणाशीं संबंध कांहीं आजचा नव्हे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीनें मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि ती मिटतांच मुंबईच्या पेढ्या कशा धडाधड बसल्या, हें आमच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या घराण्यांस आठवण करून देण्याचें कारण नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत ट्रंप सरकारनें हिंदी मालावरील जादा जकात शेंकडा ५० वर नेली, तेव्हां अंधेरीच्या सीप्झमधील दागिन्यांच्या कारखानदारांस व कारागिरांस त्याची झळ तत्काळ लागली. पण ती जकात भरतो कोण? अमेरिकेंतला आयात करणारा, आणि त्याच्यामागून तेथील गिऱ्हाईक. जकात ही खाण्यापिण्यावर, कपड्यांवर, भांड्यांवर बसते. आणि ज्याचें सर्व उत्पन्न याच वस्तूंत खर्च होतें त्याला ती अधिक जड जाते. म्हणजे प्राप्तीवरील करानें जें ओझें श्रीमंताच्या खांद्यावर ठेवण्याची १९१३ सालीं योजना झाली, तें जकातीच्या वाटेनें पुन्हा गरीबाच्या डोक्यावर चढतें. १९१३ पूर्वीं अमेरिकेचा खजिना मुख्यतः जकातीवर व दारूतंबाखूच्या करावरच चालत असे, आणि प्राप्तीवरील कराची चळवळ निघाली ती याच अन्यायाविरुद्ध.

४ जुलै २०२५ रोजीं, म्हणजे स्वातंत्र्यदिनाचा मुहूर्त साधून, ट्रंप यांनीं ज्या प्रचंड कायद्यावर सही केली त्याचा तपशील पाहिला म्हणजे हें सर्व एकत्र दिसतें. सेनेटांत मतें समसमान पडून उपाध्यक्षांच्या निर्णायक मतानें तो पसार झाला. २०१७ च्या बहुतेक सवलती त्यानें कायम केल्या. गरीबांच्या औषधोपचाराच्या मेडिकेड योजनेस त्यानें कात्री लावली. काँग्रेसच्याच अंदाजपत्रक कचेरीचा निष्कर्ष असा कीं, या कायद्यानें सर्वांत वरच्या दशांश घरांची प्राप्ति वाढेल, सर्वांत खालच्या दशांश घरांची घटेल, आणि २०३४ पर्यंत सुमारें एक कोटि अधिक माणसें आजाराच्या विम्यावांचून राहतील. हीं अनुमानें विरोधकांचीं नव्हेत, सरकारी आहेत.

वकिलाच्या नजरेनें आम्हांस या कायद्यांतील सर्वांत वाचनीय भाग वाटला तो तारखांचा. हॉटेलांतील वाढप्यास मिळणाऱ्या बक्षिसीवरील करांत जी सूट दिली ती १ जानेवारी २०२५ पासून, म्हणजे कायदा होण्याच्याहि आधींपासून, लागू आहे. मेडिकेडची मदत हवी असेल तर अनेक धडधाकट प्रौढांनीं महिन्यास ऐंशीं तास काम केल्याचा दाखला आणावा, ही अट मात्र सामान्यतः १ जानेवारी २०२७ पासून अमलांत यावयाची आहे. आणि काँग्रेसच्या निवडणुकीचा दिवस ३ नोव्हेंबर २०२६ हा आहे. वाढप्याची सूट २०२८ अखेर आपोआप संपते. वारसाकराच्या दीड कोटि डॉलरांच्या मर्यादेस मात्र शेवटची तारीख घातलेली नाहीं. ती महागाईच्या मानानें दरसाल वाढत जावी, अशीच त्या कलमांत तरतूद आहे.